चौदा मिनिटांचं मत, चार मिनिटांचं गाणं

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात परिसंवादाला गेलो होतो. विषय होता यूट्यूबवरचे समीक्षक आणि श्रोत्यांची अभिरुची. मंचावर पाच जण, खाली साठेक डोकी, त्यातली निम्मी चहापर्यंतच थांबायच्या बेताने आलेली. एका ज्येष्ठ गायकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की हल्ली लोक कानाने ऐकतच नाहीत, मोबाइलवर कुणीतरी सांगतं आणि यांना ते आवडतं. आमच्या वेळी श्रोता तयार होता. त्यावर पंचविशीतला एक वक्ता म्हणाला, आवड ज्याची त्याची असते, समीक्षक फक्त आपलं मत सांगतो, नाही पटलं तर पुढे सरका. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग दीड तास हेच दोन चेंडू इकडून तिकडे टोलवले गेले. अध्यक्षांनी ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं म्हणून समारोप केला आणि आम्ही बटाटेवड्यांकडे वळलो.

माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य फार कमी होतं. श्रोता आपोआप तयार झाला असं कधी घडलेलं नाही, आणि आवड ज्याची त्याची असं तर अजिबातच नाही. माणूस भाषा उसनी घेतो तशीच आवडही घेतो: घरातून, शेजारून, शाळेतून, एखाद्या आगाऊ मित्राकडून. तेव्हा ऐकणाऱ्यावर कुणाचा प्रभाव पडतो म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. पाहायचं ते एवढंच, की प्रभाव पाडणारा कारण सांगतो का, आणि त्याचं मत गाण्याच्या आधी येऊन बसतं की नंतर. गाण्याबद्दल बोलणारे लोक वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. माझं भांडण आहे ते त्यांच्या आकड्याशी आणि त्यांच्या घाईशी.

‘आमच्या वेळी श्रोता तयार होता.’ पण केला कुणी होता तयार? पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला तो काय सगळ्या गावाला गाणं कळत होतं म्हणून? गाणं ही चारचौघांत बसून ऐकायची, घरातल्या मुलांनी शिकायची गोष्ट आहे, हे शहराच्या गळी उतरवायचं होतं. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज काढला, अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथे आर्य संगीत विद्यालय चालवलं, १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संगीत नाटकांनी रागदारी पिटातल्या प्रेक्षकापर्यंत नेली. मग १९५३ पासून भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव मांडला आणि मंडपात बसून हजारो माणसं ऐकायला शिकली. पुणेकराचा कान असा पिढ्यान्‌पिढ्या घडवला गेला आहे. घडवणाऱ्यांची मतं होती, आवडीनिवडी होत्या, जातीपातीचे आणि प्रतिष्ठेचे हिशेबही होते. आज आपण त्याला संस्कार म्हणतो, आणि मोबाइलवरच्या पोराने तेच केलं की प्रभाव म्हणतो.

माझंच उदाहरण घ्या. मी चौदा वर्षांचा असताना सवाईच्या मंडपात आमच्या शेजारी माकडटोपी घातलेले एक गृहस्थ बसायचे. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. डोळे मिटलेले, मांडीवर डाव्या हाताची बोटं चालू. ते ‘हं’ म्हणाले की मीही ‘हं’ म्हणायचो, त्यांनी मान हलवली की मी हलवायचो, ते थर्मास उघडायला लागले की आता फार काही घडणार नाही असं मी समजायचो. हे ढोंग होतं, दुसरं काय! पण तिसऱ्या वर्षी एका रात्री लक्षात आलं की माझं ‘हं’ त्यांच्या आधी येतंय. उसनं घेतलेलं आपलं झालं ते नेमकं कधी, हे मला आजही सांगता येणार नाही. ते उसनं घेतलंच नसतं तर मात्र मी तिसऱ्या वर्षी मंडपात नसतो, बाहेर शेंगदाणे खात उभा असतो.

टोपणनावाने लिहिणारे, कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारे समीक्षक हीसुद्धा इंटरनेटची देणगी नव्हे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने ‘वसुंधरा’ साप्ताहिकात त्या काळच्या नामवंत गायकांवर लिहीत असत. ते स्वतः गाणारे, चाली बांधणारे, पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देणारे. म्हणजे मुखवटा होता, त्याच धंद्यातलं असणं होतं, गात्या गळ्यांबद्दल स्पष्ट बोलणं होतं. आज ज्या ज्या गोष्टींवर नाकं मुरडली जातात त्या सगळ्या नव्वद वर्षांपूर्वी होत्या. फरक पाहायचा तर तिथे पाहा की लेखात आवाजाची जात, स्वर लावण्याची तऱ्हा, लयीशी असलेलं नातं यांबद्दल काहीतरी हाती लागण्यासारखं असे. वाचणारा पुढच्या मैफलीत जाऊन ते ताडून पाहू शकत होता.

वामनराव देशपांड्यांचं उदाहरण तर मला फारच आवडतं. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. दिवसभर आकडे तपासणारा हा माणूस गायकीच्या घराण्यांवर लिहायला बसला तेव्हा त्याने कुणाला दहापैकी गुण दिले नाहीत. मोजपट्टी मात्र मांडली. एका टोकाला स्वराला सर्वस्व मानणारं किराणा, दुसऱ्या टोकाला लयीवर जीव टाकणारं आग्रा, आणि दोन्हींचा तोल सांभाळणारं जयपूर मधोमध. वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले, म्हणजे जयपूरचेच. तेव्हा मधली मानाची जागा कुणाला मिळाली हे पाहून भुवया उंचावायला भरपूर वाव होता. पण पट्टी टेबलावर होती, मोजमाप उघड होतं आणि ज्याला भांडायचं त्याला भांडायला मुद्दा होता. पक्षपाती समीक्षकाची मला भीती वाटत नाही. त्याचा पक्ष दिसला की काम भागतं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवं. माझ्या माकडटोपीवाल्यांचा प्रभाव एका मुलापुरता होता. फार तर पुढच्या रांगेतल्या दोघांवर पडत असेल. यूट्यूबवर अमेरिकेतला अँथनी फँटानो एखाद्या अल्बमबद्दल बोलतो आणि शेवटी दहापैकी गुण सांगतो, ते एकाच दिवशी जगभरातली लाखो माणसं ऐकतात. ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने तर दशांश चिन्हासकट गुण देण्याची पद्धत पाडली. २००४ साली त्यांनी आर्केड फायर या तोवर फारशा माहीत नसलेल्या बँडच्या पहिल्या अल्बमला ९.७ दिले आणि त्याच्या प्रती पुरेनाशा झाल्या. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमला ०.० दिले. त्यानंतर रेकॉर्डची दुकानं आणि कॉलेजांची रेडिओ केंद्रं त्या अल्बमपासून चार हात लांबच राहिली. एका माणसाचं एका आठवड्यातलं मत दुसऱ्या माणसाच्या पोटावर येतं, तेव्हा ‘मी फक्त माझं मत सांगितलं’ हे म्हणणं टिकत नाही.

गंमत पुढे आहे. २०२१ साली पिचफोर्कने आपलेच जुने गुण तपासायला घेतले आणि एकोणीस अल्बमचे आकडे बदलले. लिझ फेअर या गायिकेच्या २००३च्या अल्बमला त्यांनी शून्य दिलं होतं. अठरा वर्षांनी त्याचे सहा झाले. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीच्या एका अल्बमचे ६.४ वाढून थेट दहा झाले. मग या अठरा-वीस वर्षांत तो अल्बम सुधारला की काय? रेकॉर्ड होती तशीच आहे, ऐकणारे बदलले, काळ बदलला, आणि पहिल्या आठवड्यातली ऐट उतरली. चूक कबूल केली हे चांगलंच. पण कबुलीसुद्धा आकड्यातच दिली, याला काय म्हणावं? मूळ शून्याच्या मागे जे युक्तिवाद होते त्यांतला कोणता आता खोटा ठरला, हे ‘सहा’ या शब्दातून कळत नाही. (जानेवारी २०२४मध्ये मालक कंपनीने हे अख्खं पिचफोर्कच पुरुषांच्या फॅशनच्या मासिकात विलीन करून टाकलं. त्या निर्णयाला कुणी किती गुण दिले, ठाऊक नाही.)

हा आकडा येतो कुठून, हे मला घरातच पाहायला मिळालं. माझा भाचा कोथरूडला राहतो आणि नोकरी सांभाळून मराठी गाण्यांवर व्हिडिओ करतो. पाहणारे काही हजार. त्याला मी विचारलं, गुण कशाला देतोस? तो म्हणाला, “मामा, थंबनेलवर आकडा नसेल तर क्लिकच येत नाहीत. मी दोन महिने करून पाहिलंय.” बरं, निदान चार दिवस ऐकून मग तरी बोल. तर म्हणे, “चौथ्या दिवशी बघणार कोण? गाणं आलं त्या रात्रीच व्हिडिओ पाहिजे.” त्याच्या टेबलावर मी ते घडताना पाहिलंय: संध्याकाळी सहाला गाणं आलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकताना हा वहीत मुद्दे लिहीत होता आणि रात्री साडेनऊला गादी भिंतीला उभी करून, आवाज घुमू नये म्हणून, रेकॉर्डिंगला बसला. मेहनत होती त्यात, नाही म्हणता येणार नाही. अभ्यासही आहे पोराचा. पण ‘दहापैकी साडेपाच’ हे त्याने गाण्याच्या तिसऱ्या फेरीत, अंतरा संपायच्या आत वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. पुढची बारा मिनिटं तो त्या साडेपाचाला कारणं शोधत होता.

आणखी एक गोष्ट त्याने दाखवली ती मला मुळीच माहीत नव्हती. गाण्यावर बोलायचं तर गाणं वाजवून दाखवता आलं पाहिजे, नाही का? वर्तमानपत्रातल्या समीक्षकाची हीच तर अडचण होती की कागदातून आवाज येत नाही. इथे आवाज आहे, चित्र आहे, हवं तिथे थांबवायची सोय आहे. पण ओळखण्याइतका तुकडा वाजवला की यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा तो गाठते, संगीत कंपनीचा दावा लागतो आणि व्हिडिओचं उत्पन्न तिकडे वळतं, नाहीतर व्हिडिओच अडकतो. म्हणून पोरं गाणं न वाजवता गाण्यावर बोलतात. मग बोलतात कशावर? गायकाच्या मागच्या अल्बमवर, कपड्यांवर, कुणाचं कुणाशी बिनसलं यावर, व्हिडिओतल्या लोकेशनवर. चालीतला एखादा कोमल निषाद दाखवायचा तर स्वतः गुणगुणून दाखवावा लागतो, आणि सगळ्यांना कुठे गाता येतं? समीक्षा उथळ झाली म्हणून समीक्षकांना झोडपणाऱ्यांनी यातला किती वाटा आळसाचा आणि किती कंपन्यांच्या हक्कांचा, हे एकदा तपासावं.

पण मग लोक हे बघतात तरी का? पूर्वी रेकॉर्ड महाग होती. पैसे घालण्याआधी कुणाला तरी विचारणं शहाणपणाचं होतं आणि समीक्षकाचं ते कामच होतं. आता गाणं फुकट आहे, चार मिनिटांचं आहे, बोटाच्या अंतरावर आहे. चार मिनिटांचं गाणं ऐकायचं की नाही हे ठरवायला माणूस चौदा मिनिटांचा व्हिडिओ बघतो! वेळेचा हिशेब कुठल्याच बाजूने बसत नाही. उघड आहे, लोक सल्ल्यासाठी येत नाहीत, ते सोबतीसाठी येतात. पूर्वी मैफल संपल्यावर टिळक रस्त्यावरच्या अमृततुल्यात तासभर जो काथ्याकूट चालायचा तो आता एकट्याने खोलीत बसून, कानात यंत्र घालून करावा लागतो, आणि समोर एक बोलणारा चेहरा लागतो. यात मला वाईट काही दिसत नाही. अडचण एवढीच की हा माणूस शिरतो मित्र म्हणून आणि बसतो न्यायाधीशाच्या खुर्चीत. मित्राला आपण “काहीही काय बोलतोस” म्हणू शकतो. न्यायाधीशाला निकालाची कारणं लेखी द्यावी लागतात. याला यातलं काहीच लागू नाही.

आणि कट्ट्यावर बसलेले सगळे निदान आधी ऐकून आलेले असत, हे विसरू नका. परिसंवादाच्या दुसऱ्याच दिवशी बसस्टॉपवर दोन कॉलेजची पोरं एका नव्या गाण्यावरून हमरीतुमरीवर आली होती. एक म्हणाला, फालतू आहे रे, साडेतीन दिलेत त्याने. न राहवून मी विचारलं, ऐकलंस का? “नाही काका, अजून नाही. पण माहितीये.” त्याचा तो निरागस चेहरा पाहून मला हसू आलं, आणि मग माझे काका आठवून हसू ओसरलं.

माझे हे काका आमच्या घरातले गाण्यातले सर्वोच्च न्यायालय. एका गायकाबद्दल त्यांनी कधीतरी निकाल दिला होता: “गळा आहे, पण गाणं नाही.” झालं! ते वाक्य इतकं गोटीबंद होतं की आमच्या घरात त्या गायकाची एकही कॅसेट आली नाही. मी स्वतः दहा वर्षं हेच वाक्य लोकांना ऐकवत फिरलो, एकदाही न ऐकता. पुढे माझ्या एका मावसभावाने रेडिओवरून भरलेली कॅसेट दिली. लेबलवर भलत्याच, काकांच्या लाडक्या गायकाचं नाव. मी ती काकांना लावून दाखवली. राग मारुबिहाग होता. काका पुढे सरकून बसले, दोनदा ‘अहाहा’ झालं, आणि विलंबित संपताना म्हणाले, “याला म्हणतात गाणं. नाहीतर तो तुमचा!” द्रुत संपलं, आणि भावाने बटण वेळेवर न दाबल्यामुळे मागून निवेदिकेचा आवाज आला: आपण ऐकत होतात... पुढे नाव तुमच्या त्या ‘गळा आहे’वाल्याचं. काका मिनिटभर गप्प बसले. मग म्हणाले, “लागला असेल त्या दिवशी.” मत त्यांनी बदललं नाही. पण ती कॅसेटही त्यांनी मला परत दिली नाही.

म्हणून मला ‘आमच्या वेळी’वाल्यांना सांगावंसं वाटतं की गाण्याच्या आधी मत पोचवण्याचा रोग आमच्या वाड्यातही होता. आता तो सगळ्या गावाला झालाय, एवढंच.

समीक्षकच नसते तर लोक स्वतःच्या कानांनी ऐकायला लागले असते का? याची परीक्षा खरोखर झालेली आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅलगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी अपरिचित बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. चौदा हजारांवर माणसं ती ऐकून गेली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हेही दिसत होतं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. आकडे दिसायला लागले की लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे. शिवाय गटागटांत गाण्यांचे क्रम वेगवेगळे निघाले. फार चांगली गाणी अगदी तळाला क्वचितच गेली, फार वाईट वर क्वचितच आली, पण मधल्या सगळ्यांचं नशीब नुसतं वाऱ्यावर होतं. इथे समीक्षक एकही नव्हता. कुणी काही बोललं नव्हतं. नुसता शेजारी आकडा होता.

समीक्षक काढून टाकला की त्याच्या जागी कान येत नाही, गर्दी येते. आणि आता गर्दीच्याही मागे एक यंत्र आहे. ‘तुमच्यासाठी’ म्हणून जी गाणी समोर येतात ती निवडणाऱ्याचं नाव नसतं, चेहरा नसतो आणि का निवडली हे तो कधीच सांगत नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद चाललं की ते ऐकलं गेलं असं मोजतात. तीस सेकंदांत आमच्याकडे तानपुरासुद्धा जुळत नाही! मग चाली बांधणाऱ्यांनी ध्रुवपद पुढे ओढलं, वाद्यांची सुरुवात कापली, तर दोष कुणाला द्यायचा? शिवाय त्याच कंपनीने २०२०पासून अशी सोय काढली की कलाकाराने मानधन थोडं कमी घ्यायचं कबूल केलं तर त्याचं गाणं शिफारशींमध्ये जास्त पुढे सरकवतात. माझा भाचा असं काही करता तर त्याला लोकांनी फाडून खाल्लं असतं. यंत्राने केलं तर तो व्यवहार. परिसंवादात दीड तासात या यंत्राचा उल्लेख कुणी केला नाही, सगळे त्या बोलणाऱ्या पोरांच्याच मागे लागले होते. ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यावर चिडणं सोपं असतं.

दुसरीकडे, प्रभावाची भीतीही जरा बेतात ठेवावी. या देशात सरकारनेच समीक्षकाची भूमिका घेऊन पाहिली आहे. पेटीचे सूर पक्के, तिच्यावर स्वरावरून स्वरावर सरकत जाणारी मींड निघत नाही, स्वरांमधल्या बारीक श्रुती मारल्या जातात, ही टीका काही वेडगळ नव्हती. कारणांसकट केलेली होती. ती इतकी मनावर घेतली गेली की १९४० साली आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदीच घातली आणि ती १९७१पर्यंत राहिली. एकतीस वर्षं! गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर वाढलेल्या महाराष्ट्राने काय केलं? मैफलीत पेटी होतीच, नाटकात होतीच. भीमसेनजींच्या मागे अप्पा जळगावकर पेटीवर आहेत आणि समोर मंडप भरलाय, हे चित्र माझ्या पिढीने पाहिलंय. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांनी रेडिओवरच्या सिनेमागीतांना चाप लावला तेव्हा लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, तिथे १९५२ सालीच बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. सरकारला जे जमलं नाही ते खोलीत गादी उभी करून बोलणाऱ्याला सहज जमेल असं मानणं म्हणजे त्याचाच भाव वाढवणं आहे.

शिवाय या पोरांनी एक काम असं केलंय की जे आमच्या प्रतिष्ठित समीक्षेने केलं नाही. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज चाळीचाळीत, गाड्यागाड्यांत वाजला. दैनिकांच्या संगीतसमीक्षेत त्या आवाजाच्या फेकीवर, त्या ढोलकीच्या अंगावर सविस्तर लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. सवाईवर दुसऱ्या दिवशी अर्धं पान यायचं, भीमजयंतीला रात्रभर चाललेल्या गायनावर बातमी आली तर गर्दीची. ताडीवाला रोडच्या वस्तीतून एमसी स्टॅन नावाचा मुलगा उठतो, रॅप करतो आणि २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकतो, तेव्हा पुण्यातल्या जाणत्यांना हा कोण हे घरातल्या मुलांना विचारावं लागतं. मुलांना ते माहीत होतं कारण कुणीतरी त्यांना आधीच समजावून सांगत होतं की त्याच्या गाण्यातली लय कशी चालते, यमक कुठे लपलेलं असतं, आवाज यंत्रातून का काढलाय. मला ते गाणं आवडलं का? फारसं नाही. पण काय ऐकायचं हे कळलं. माझ्या माकडटोपीवाल्यांनी यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

राहिला तो तरुण वक्ता आणि त्याचं ‘नाही पटलं तर पुढे सरका’. पुढे सरकता येत नाही, हीच तर गोम आहे. एकदा कानात घातलेलं मत काढता येत नाही. एका स्नेह्यांनी मला एका नामवंत गायकाच्या तानेबद्दल सांगितलं की ती बकरीसारखी थरथरते. आज वीस वर्षं झाली, तो गायक तानेला आला की मला बकरी दिसते. पण निदान ही बकरी मी ऐकू शकतो. मी म्हणू शकतो की बाबा, ती वरच्या षड्जापाशी थरथरते, खाली नाही. म्हणजे मुद्दा आहे पण अर्धा. साडेतीन मला ऐकू येत नाही. गाण्यात कुठे आहे तो साडेतीन? मुखड्यात, अंतऱ्यात, की मधल्या बासरीच्या तुकड्यात? जे गाण्यात बोटाने दाखवता येत नाही त्याच्याशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही ते मत राहत नाही, शिक्का होतो.

तेव्हा या समीक्षकांकडे माझी मागणी साधी आहे. किती वेळा ऐकलं ते सांगा, कशावर ऐकलं ते सांगा, कितव्या सेकंदाला काय होतं ते सांगा, आणि आकडा सोडा. ‘आज दुपारी दोनदा, रिक्षात, साध्या हेडफोनवर’ असं प्रामाणिकपणे म्हटलं तर कच्च्या मतालाही मान आहे. जमलं तर सहा महिन्यांनी परत या. हे शेवटचं मी भाच्याला फारच घोळून घोळून सांगितलं होतं, आणि बिचाऱ्याने ऐकलं. ज्या गाण्याला त्याने साडेपाच दिले होते त्यावर त्याने आठ महिन्यांनी पुन्हा व्हिडिओ केला. चाल आपल्याला पहिल्यांदा उमगलीच नव्हती, दुसऱ्या अंतऱ्यात सूर बदलतो तिथे आपण लक्षच दिलं नव्हतं, हे त्याने गुणगुणून दाखवलं. मला विचाराल तर त्याचा आजवरचा सगळ्यात चांगला व्हिडिओ. खाली पहिलाच प्रश्न आला: “किती मिळाले रे कंपनीकडून?” त्याला चाळीस-पन्नास जणांनी अंगठे दिलेले.

रात्री त्याचा फोन आला. “मामा, काढून टाकू का?”

मी म्हटलं, राहू दे. त्याने ठेवलाय. फक्त थंबनेल बदललंय. साडेपाचवर काट, आणि शेजारी मोठ्या पिवळ्या अक्षरांत आठ.